बहिणी आहेत त्या

इंदूरच्या रामबागेतलं आमचं घर २००३ मध्ये विकलं. वाटणीचा तो दिवस मला तासातासाने आठवतो. सकाळी दहाला सुरुवात झाली आणि दुपारच्या चहापर्यंत आजीचा पंचावन्न वर्षांचा संसार चौकात दोन ढिगांत मांडून झाला होता. तांब्याचा बंब काकांकडे, पितळी डबे आमच्याकडे. पुरणयंत्र इकडे, सोऱ्या तिकडे. पाटा-वरवंटा कुणालाच नको होता, तो नव्या मालकाला राहिला. सगळं हळू आवाजात चाललं होतं, लग्नघरात आहेराची यादी करावी तसं. आजी खांबाला टेकून बसली होती. मग माळ्यावरून शेवटची पेटी खाली उतरली.

पेटीत, आजीच्या जुन्या नऊवारीच्या मऊ तुकड्यात गुंडाळलेले, महालक्ष्म्यांचे दोन पितळी मुखवटे होते. पुण्याकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्या महालक्ष्म्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर पुरणावरणाचं जेवतात, मूळ नक्षत्रावर निरोप घेतात. कुळाचार थोरल्या सुनेकडे जायचा, म्हणजे माझ्या आईकडे. पण आजी राहणार होती काकांकडे, आणि सासूबाई जिथे तिथेच देव, हे काकूचं म्हणणं. दोघींपैकी कुणीही हे बोलून दाखवलं नाही. दोघी नुसत्या पेटीकडे बघत राहिल्या. घराचा सौदा जमवून देणारे गृहस्थ सकाळपासून ओटल्यावर बसून होते. भला माणूस. ते आत डोकावले आणि म्हणाले, "दो ही तो हैं, एक-एक रख लो."

आजी म्हणाली, "बहिणी आहेत त्या."

पेटी बंद झाली. मुखवटे आजीबरोबर काकूकडे, सुदामा नगरात गेले. आम्ही लोकमान्य नगरात राहायला आलो. त्यानंतर तीन वर्षं आई महालक्ष्म्यांच्या जेवणाला गेली नाही.

या दिवसावर कथा लिहायला मी २००५ मध्ये बसले आणि ती छापून आली २०१६ च्या एका दिवाळी अंकात. नव्याने लिहिणारी मुलं-मुली मला विचारतात की घरातल्या माणसांवर, त्यांच्या नात्यांतल्या गाठींवर कसं लिहायचं. माझ्याकडे त्याचं उत्तर आहे ते त्या अकरा वर्षांतलंच.

पहिला खर्डा मी पंधरा दिवसांत लिहिला होता. त्यात थोरली सून सोशिक होती, धाकटी आतल्या गाठीची होती, आणि सासू धाकटीच्या मुठीत होती. म्हणजे मी आईच्या मांडीवर बसून जे ऐकलं होतं ते सगळं होतं. भाषा बरी होती. मी ती कथा एका संपादकांना पाठवली. महिन्याने पोस्टकार्ड आलं. त्यावर दोनच ओळी होत्या: "कथा वाचली. एक शंका आहे. ही काकू कधी दमत नाही का?"

मला राग आला. मग रात्री वही काढली आणि काकूचा एक दिवस, पहाटेपासून, लिहून बघायला घेतला. पहिल्याच ओळीला अडले. ती किती वाजता उठायची? एकाच घरात वीस वर्षं राहून मला ते माहीत नव्हतं. आई साडेपाचला उठायची हे माहीत होतं. काकू त्याआधी उठायची, एवढंच. कारण मी जागी व्हायचे तेव्हा तिच्या बादल्या भरून झालेल्या असायच्या.

बादल्यांवरून मला कथेचं दार सापडलं. आमची चूल १९९४ मध्ये वेगळी झाली. मधल्या दारात कपाट आलं, गॅसचं दुसरं कनेक्शन आलं, किराण्याच्या वह्या दोन झाल्या. नळ मात्र एकच राहिला. इंदुरात नर्मदेचं पाणी येतं जलूदहून, सत्तर किलोमीटरवरून, टेकाडं चढून, आणि येतं तेही एक दिवसाआड. पाण्याला जोर असतो तो सुरुवातीला, मग धार बारीक होत जाते. पहिली बादली कुणाची, हा प्रश्न आमच्याकडे नऊ वर्षं होता आणि तो एकदाही कुणी तोंडाने विचारला नाही. काकू आधी उठायची आणि नळाखाली पातेलं लावून ठेवायची. आई उठून बघायची की पातेलं लागलेलं आहे. एखाद्या दिवशी आई चार वाजता उठून आपली कळशी लावायची. त्या दिवशी काकूकडे भांडी जोरात घासली जायची. पाहुणे असले की काकू न सांगता आपलं पातेलं काढून घ्यायची, कारण पाहुणे दोन्ही घरांचे असायचे. नळाशी उभं राहून त्या दोघी जेवढं बोलल्या नाहीत, तेवढं मला कथेत आणायचं होतं. आणि तिथून एक गोष्ट मी कायमची धरली: भांडणाऱ्या माणसांना कथेत अशी एक जागा द्यायची, जिथून त्यांना वेगळं होताच येणार नाही. माझ्या घरात ती नळाची होती. दुसऱ्या कुणाच्या घरात ती एकच जिना असेल, एकच दुकान असेल, एकच आंधळी होत चाललेली आई असेल. पात्रांना रागावून उठून जाता येत असेल तर ती जातील, आणि कथाही त्यांच्यामागे निघून जाईल.

तरी काकू मला कळत नव्हती. २००९ च्या थंडीत एका दुपारी मी सुदामा नगरात गेले. ती मेथी निवडत बसली होती. मीही हाताला जुडी घेतली. "काकू, तू लग्न होऊन आलीस तेव्हाचं सांग ना," म्हटलं. तिने आधी मेथीकडेच बघत उत्तर दिलं, मग मेथी बाजूला राहिली.

१९८१ च्या वैशाखात तिचं लग्न झालं. त्याच वर्षाच्या शेवटी आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला. आई तेव्हा धारला माहेरी गेलेली, पहिल्या बाळंतपणाला. ते बाळ म्हणजे मी. आजीची कंबर धरलेली, काका-बाबा नोकरीला. वर्षसुद्धा न झालेली एकवीस वर्षांची सून सासऱ्यांना कुशीवर वळवायची, भांडं द्यायची, मोसंब्याचा रस चमच्याने ओठांत सोडायची. अर्धा आत जायचा, अर्धा मानेवरून खाली यायचा. चार महिने. मग ते गेले. पुढे आई मला घेऊन इंदूरला परतली, त्या दिवशी आजीने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून तिच्या हातात दिला. थोरली सून आली, म्हणून.

"मला किल्ल्या नको होत्या गं," काकू म्हणाली. "पण देताना त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही." मग थोडं थांबून, "अजून कुणी मोसंबं सोललं की मी उठून बाहेर जाते."

मी घरी आले आणि आईला त्याच चार महिन्यांबद्दल विचारलं. तिलाही ते महिने दिवसावार पाठ होते. धारच्या घराच्या ओट्यावर बसून ती इंदूरच्या मोटारीची वाट बघायची. धार काही लांब नाही, दोन-अडीच तास. मुलगी झाल्याची तार गेली. बारशाला सासरहून फक्त बाबा आले, तेही सकाळी येऊन संध्याकाळी परत. कुणी बाळंतविडा घेऊन आलं नाही, कुणी नात बघायला आलं नाही. "मुलगी झाली ना," आई म्हणाली. सत्तावीस वर्षांनी सांगतानाही तिचा आवाज तिथे येऊन बारीक झाला.

"आजोबा आजारी होते, हे तुला माहीत नव्हतं?"

"बरं नाही एवढंच कळवलं होतं. बाळंतिणीला कोण सांगतं? दूध आटतं म्हणतात."

बाबा त्या दिवशी संध्याकाळी का परतले, ते तिला कळलं आजोबा गेल्यानंतर. तोवर मनातली अढी घट्ट बसलेली होती. कारण कळलं म्हणून अढी सुटते असं होत नाही.

आणि आजीने किल्ल्या का दिल्या, ते मला आत्याने सांगितलं. आजीला बारशाला जाता आलं नाही याचं फार लागलं होतं. नातीला बघायला गेलो नाही, सून काय म्हणेल, याची भरपाई म्हणून तिने कमरेच्या किल्ल्या सोडल्या. त्या दिवशी काकूकडे बघायची तिला हिंमत झाली नाही, असंही आत्या म्हणाली. बघितलं असतं तर रडू फुटलं असतं.

त्या रात्री मी जुना खर्डा फाडला. चार महिने तेच, घर तेच, माणसं तीच. कुणी कुणाचं वाईट चिंतलेलं नव्हतं. दूध आटू नये म्हणून लपवलेल्या एका आजारातून दोन जावांची बावीस वर्षं नासली. हे मला रचून लिहिता आलं नसतं, कारण रचताना मी कुणालातरी दुष्ट केलंच असतं. आता कुटुंबावरची कोणतीही कथा लिहायची तर मी आधी एकच प्रसंग घेते आणि घरातल्या प्रत्येकाच्या तोंडून तो वहीत लिहून काढते, प्रत्येकाचा हिशेब त्याच्याच बाजूने, त्याच्याच शब्दांत. ज्याचा राग येतो त्याचा हिशेब सर्वांत शेवटी आणि सर्वांत लांब. ही पानं कथेत येत नाहीत. पण ती लिहिलेली नसली की वाचणाऱ्याला कळतं, त्या संपादकांना कळलं तसं.

आत्याचं नाव निघालं म्हणून तिच्याविषयी. पहिल्या खर्ड्यात आत्या नव्हतीच. वाटणीच्या आधी ती ग्वाल्हेरहून आली, दोन दिवस राहिली, रजिस्ट्रीच्या कागदांवर आपला हक्क सोडल्याची सही केली, साडी-चोळी घेतली आणि गेली. मला वाटायचं, तिचा काय संबंध? पुढे कथेसाठी म्हणून मी कायदा समजून घेतला आणि त्या सहीचं वजन कळलं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या वाट्यात मुलीला हिस्सा दिला होता. पण त्याच कायद्याच्या २३ व्या कलमाप्रमाणे राहत्या घराची वाटणी तिला स्वतःहून मागता येत नव्हती, भावांनी वाटण्या करायचं ठरवलं तरच तिचा हिस्सा मोकळा व्हायचा. आणि त्या घरात राहायला यायचं तर मुलगी बिनलग्नाची, विधवा, नवऱ्याने टाकलेली किंवा त्याच्यापासून वेगळी झालेली असायला हवी. सुखाने नांदणाऱ्या मुलीला माहेरच्या घरात झोपायचाही हक्क नव्हता, पाहुणी म्हणून आली तर गोष्ट वेगळी. २००५ च्या दुरुस्तीत हे कलम गेलं आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलासारखीच जन्मापासून सहदायाद, म्हणजे बरोबरीची हिस्सेदार, झाली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असायची गरज नाही. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या उकरता येत नाहीत. आमची २००३ ची.

हे सगळं कथेत कुठेही नाही. पण ते माहीत असल्याशिवाय मला आत्याचा तो सहीचा प्रसंग लिहिता आला नसता. खुर्चीवर बसून ती पेन हातात धरते, बाबा बोटाने जागा दाखवतात, काका पंखा वाढवतात. घरावर तिचा जो काही हक्क आयुष्यभर झोपलेला होता, तो जागा झाला त्या पाच मिनिटांत, आणि ती तो परत निजवते आहे. सही झाल्यावर तिने एकच वस्तू मागितली, आजोबांचा अडकित्ता. दोन्ही ढिगांत तो नव्हता. सगळ्यांनी शोधला. ती "असू दे, असू दे" म्हणत राहिली. घरगुती नाट्य लिहिणाऱ्याने वारसा कायदा, रेशन कार्ड, गॅसचं पुस्तक आणि वीजबिलावरचं नाव एवढं तरी नीट बघावं, असं माझं ठाम मत आहे. कुणाला कुणाच्या सहीची गरज आहे, हे त्यात लिहिलेलं असतं.

आता भाषेचं. आम्ही इंदूरची मराठी माणसं. माझ्या आते-चुलत भावंडांशी मी हिंदीत बोलते आणि आईशी मराठीत, आणि एका वाक्यातून दुसऱ्यात जाताना उंबरा लागत नाही. आमच्याकडे "काय करून राहिलीस?" असं विचारतात. सुरुवातीला माझ्या कथा पुण्या-मुंबईच्या अंकांत छापून यायच्या तेव्हा तिथे "काय करते आहेस?" झालेलं असायचं, आणि त्या एका दुरुस्तीने माझी आजी मला अनोळखी बाई वाटायची. मग मी हट्टाने तसंच ठेवायला लागले. कारण आमच्या घरातलं सगळ्यात मोठं भांडण भाषेतच झालं. काका बाबांना "दादा" म्हणायचे, "तू" म्हणायचे. १९९४ मध्ये चूल वेगळी करायची बोलणी चालली होती. शब्दाने शब्द वाढला नाही, आवाजही चढला नाही. काका एवढंच म्हणाले, "दादा, आप रहने दीजिए." तेरा शब्दांची शिवी परवडली असती. बाबा उठून ओटल्यावर जाऊन बसले. मराठीतला "तू" गेला आणि हिंदीतला "आप" आला, हे ज्या घरात दोन्ही भाषा नांदतात तिथल्या माणसालाच पुरतं कळेल. माझ्या कथेत ते वाक्य आहे तसंच आहे, हिंदीत. त्याच्यापुढे मी काही लिहिलेलं नाही. बाबा ओटल्यावर बसले, एवढंच.

इंदूरच्या माणसाने कुटुंबावर लिहायचं तर राजवाड्यासमोरच्या पुतळ्याकडे एकदा नीट बघावं. लहानपणी मला तिथे फक्त पुण्यश्लोक देवी दिसायची. पुढे वाचनातून अहिल्याबाईंचं घर दिसू लागलं. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात नवरा खंडेराव पडले. सती जायला निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी थांबवलं, असं आपण सगळे ऐकत आलो. पण मला धरून ठेवतात ती त्यानंतरची वर्षं. हा सासरा सुनेला मोहिमेवरून पत्रं लिहितो, आणि त्यांत तोफांचा आणि दारूगोळ्याचा बंदोबस्त कसा ठेवायचा ते सांगतो. सासरा आणि सून म्हटलं की आपल्या कथांत तो खाकरतो आणि ती पदर सावरते, याच्या पलीकडे आपण फारसे जात नाही. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, १७६७ मध्ये मुलगा मालेराव गेला. आणि १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले तेव्हा मुक्ताबाई, एकुलती एक लेक, सती गेली. आईने थांबवायचा प्रयत्न केला. लेक थांबली नाही.

जिला स्वतःला कुणीतरी हाताला धरून मागे आणलं, तिला लेकीचा हात धरून ठेवता आला नाही. मुक्ताबाई त्या दिवशी आईला काय म्हणाली असेल? मला हा प्रसंग लिहायचा मोह अनेक वर्षं झाला. मी महेश्वरला जाऊन घाटाच्या पायऱ्यांवर बसून आले आहे. वही कोरी आणली. मुक्ताबाईचा हिशेब तिच्या बाजूने लिहिण्याइतकी मी तिच्या जवळ अजून पोचलेली नाही.

कथेच्या तिसऱ्या खर्ड्यात मी एक चूक केली, ती इथे सांगायला हवी. शेवटी मी त्या काल्पनिक काकांना आजारी पाडलं आणि हॉस्पिटलच्या खाटेपाशी दोन्ही जावांना एकमेकींच्या गळ्यात पडायला लावलं. लिहिताना मी रडले होते, म्हणजे मला तो शेवट खरा वाटला होता. २०१५ मध्ये माझ्या खऱ्या काकांची बायपास झाली. आम्ही सगळे हॉस्पिटलात होतो. आणि तिथे भांडण झालं डब्यावरून. आईने बिनमिठाचं वरण आणि दुधी नेला. काकू म्हणाली, "वहिनी, ह्यांना दुधी चालत नाही." आई म्हणाली, "लहानपणी चालायचा." त्या एका "लहानपणी"त केवढं काय होतं! माझ्या आईने दीर लहान पाहिलेलाच नव्हता. तिने आजीच्या तोंडून ऐकलेलं ती सांगत होती, थोरली सून या नात्याने. काकूने डबा ठेवून घेतला. संध्याकाळी तो धुऊन परत आला. दुधी कुणी खाल्ला, माहीत नाही. घरी येऊन मी तिसऱ्या खर्ड्याची शेवटची सहा पानं काढून टाकली. आजारपणात माणसं चांगली होतात हे खरं नाही. आजारपणात माणसं फार दमतात आणि दमलेली असताना जुनी खोच वर येते. समेट करायचाच असेल तर तो कथेच्या ऐन मध्यावर, एखाद्या साध्या मंगळवारी, कुणाच्या लक्षातही येणार नाही असा करावा, आणि पुढे तो मोडला तर मोडू द्यावा.

इंदुरात मराठी नाटकं जोरात होतात, घरंच्या घरं वर्गणी भरून बसतात. एकदा खंडवा रोडवरच्या विद्यापीठाच्या सभागृहात आई आणि काकू योगायोगाने एकाच रांगेत आल्या, मध्ये मी. नाटकात दोन भाऊ, दोन सुना, एक घर. दुसऱ्या अंकात डावीकडून आईने डोळ्यांना पदर लावला, उजवीकडून काकूने, एकाच वाक्याला. परतताना रिक्षात आई म्हणाली, "त्या मोठीचं किती सोसणं दाखवलंय." दुसऱ्या दिवशी काकूचा फोन आला, "धाकटीचं काम करणारी कोण गं? माझंच सगळं सांगत होती." कथा पुरी झाली की नाही हे तपासायला त्यानंतर मला दुसरं काही लागलं नाही. दोघींनी वाचावी आणि दोघींना ती आपली वाटावी.

पण वाचायला द्यायचं धैर्य नव्हतं. घरातलं चव्हाट्यावर मांडलंस, असं आई म्हणेल ही धास्ती. माझ्या मते नावं बदलून, गाव बदलून काही होत नाही. घरचे लोक स्वतःला कपड्यांवरून ओळखत नाहीत. मी अंकाला कथा पाठवायच्या आधी आईला ती वाचून दाखवली, स्वयंपाकघरात, ती कणीक तिंबत असताना. नळ झाला, किल्ल्या झाल्या, "आप रहने दीजिए" झालं. ती काही बोलली नाही. मोसंब्याच्या जागी आली तेव्हा तिचे हात थांबले.

"हे तू घातलंस का तिने सांगितलं?"

"तिने सांगितलं."

"मी दर चैत्रात तिच्या ओटीत मोसंबंच घालत आले," आई म्हणाली. "आपल्याकडे तेव्हा तेच चांगलं मिळतं म्हणून." आणि परातीतली कणीक पुन्हा तिंबायला लागली, बराच वेळ, लागते त्यापेक्षा बराच वेळ. "छापून दे," असं ती म्हणाली नाही. "नको देऊस," असंही नाही. पुढच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला तिने पिशवीतून आंबा काढून काकूच्या ओटीत घातला. काकूने आंब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिने अंक वाचला होता.

गेल्या भाद्रपदात काकूच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. खाली बसता येईना. आवाहनाच्या आदल्या दिवशी आई आणि मी सकाळीच सुदामा नगरात गेलो. सोळा भाज्यांची जमवाजमव, आंबिलीची तयारी, उभ्याच्या महालक्ष्म्यांना लागतात त्या कोठ्या पुसून ठेवणं. आई पाटावर बसली, काकू खुर्चीवर. मी पेटी उघडली. आजीच्या नऊवारीचा तुकडा आता जागोजागी विरला आहे. मुखवटे बाहेर काढून दोघींच्या मध्ये ठेवले. वर्षानुवर्षं चिंचेने घासून दोन्ही नाकं सारखीच गुळगुळीत झालेली, दोन्ही भुवया सारख्याच पुसट.

इतक्या वर्षांत मला कधी सुचलं नव्हतं, ते विचारलं. "यातली ज्येष्ठा कोणती?"

"ही," आई म्हणाली आणि तिने डावीकडचा उचलला.

"ही," काकू म्हणाली. तिने वाकून उजवीकडचा उचलला होता.

दोघींनी एकमेकींच्या हातातल्या मुखवट्याकडे बघितलं. दोघी चाळीसहून जास्त वर्षं या दोघींना साड्या नेसवत आल्या होत्या. बाहेर नळाला पाणी आल्याचा आवाज झाला. काकू म्हणाली, "वहिनी, आधी चिंच भिजवलीय ती घ्या इकडे." आईने वाटी दोघींच्या मध्ये ठेवली, आणि दोघी आपापल्या हातातला मुखवटा घासू लागल्या.